वकील न लावता प्रायव्हेट लिमिटेड: नागपुरातून कंपनी नोंदवली, त्याचा अनुभव

आधी निकाल सांगते. केंद्र सरकारच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाची ‘स्पाइस प्लस’ ही कंपनी नोंदणीची ऑनलाइन सेवा मला आवडली. आमची प्रायव्हेट लिमिटेड तिच्यातूनच झाली आणि वकील लावावा लागला नाही. पाचपैकी चार गुण देते. पाचवा राखून ठेवला, कारण खरी जबाबदारी प्रमाणपत्र हातात आल्यावर सुरू होते आणि ती या सेवेच्या बाहेर राहते. त्याबद्दल मी बरंच लिहिणार आहे, कारण माझ्या ओळखीतल्या छोट्या कंपन्या अडकल्या त्या तिथेच.

नंदनवनला आमचं कूलरचं वर्कशॉप आहे. जीआय पत्र्याची बॉडी करायची, मोटर-पंप बसवायचे, जुन्या कूलरच्या ताट्या बदलून द्यायच्या, हे आमचं नेहमीचं काम. अलीकडे शाळा, मंगल कार्यालयं आणि हिंगणा एमआयडीसीतल्या शेडसाठी डक्टचे मोठे कूलरही करतो. फर्म माझ्या एकटीच्या मालकीची होती. सोबत नणंदेचा मुलगा आहे. त्यानं मेकॅनिकल डिप्लोमा केला आहे आणि डक्टची सगळी कामं तोच घेतो. त्याला नुसता पगार देत राहणं मला पटत नव्हतं.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. कूलरमध्ये पाणी आणि वीज शेजारी-शेजारी असतात. मोठा डक्ट शाळेच्या गच्चीवर बसवला की त्याखाली मुलं वावरतात. मालकीच्या फर्मवर देणं आलं तर ते थेट मालकावर येतं, म्हणजे माझ्या घरावर, माझ्या बचतीवर. कंपनी ही कायद्यानं वेगळी व्यक्ती असते. तिच्या देण्यासाठी भागधारकाची जबाबदारी त्यानं घेतलेल्या शेअर्सच्या न भरलेल्या रकमेपुरती असते. ‘लिमिटेड’ ते एवढंच. बँकेनं कर्जाला संचालकाची वैयक्तिक हमी घेतली तर त्या कर्जापुरतं हे संरक्षण उरत नाही, आणि छोट्या कंपनीकडे बँक बहुतेकदा अशी हमी मागतेच. अर्थिंग नीट न देण्याची मोकळीक तर कोणतीच कंपनी देत नाही. हे समजून घेऊनच आम्ही पुढे गेलो.

आता मुद्द्याचं, वकील लागतो का? कंपनी कायदा २०१३ चं कलम ७ वाचलं तर उत्तर स्पष्ट आहे. नोंदणीच्या अर्जासोबत एक घोषणापत्र लागतं, की कायद्याच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या आहेत. ते दोघांनी द्यायचं असतं. एक, होऊ घातलेल्या कंपनीचा संचालक. दुसरा, कंपनी स्थापनेच्या कामात असलेला वकील, सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंट, आणि तो प्रत्यक्ष व्यवसाय करणारा हवा. म्हणजे वकील हा चारांपैकी एक पर्याय. पण चौघांपैकी कोणीच नको, सगळं मीच करते, असं चालत नाही. ‘सगळं स्वतः करा’ असं सांगणारे व्हिडिओ बहुतेकदा हीच गोष्ट सांगत नाहीत. एलएलपीलाही, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थेलाही, हीच अट आहे. खोटी माहिती दिली तर कलम ४४७ खाली फसवणुकीची कारवाई होते, म्हणून ही सही करणारा माणूस ती सहज करत नाही. ते चांगलंच आहे.

तर आम्ही असं ठरवलं: वाचन, लेखन, कागद जमवणं आमचं, तपासणी आणि सही एका सीएसची. धरमपेठेत ऑफिस असलेल्या एका ताईंना मी सरळ विचारलं, “ताई, मसुदे मी करून आणीन. तुम्ही तपासून सही कराल का, आणि तेवढ्याचेच पैसे घ्याल का?” त्या म्हणाल्या, “करीन ना. पण पत्ता मी स्वतः पाहीन, मूळ कागद पाहीन, आणि एओए, म्हणजे कंपनीची नियमावली, वाचल्याशिवाय तुमच्या दोघांच्या सह्या होऊ देणार नाही.” मला हेच हवं होतं. त्यांनी चार हजार घेतले. नागपुरात धंतोली, रामदासपेठ, धरमपेठ भागात सीए-सीएसची ऑफिसं खूप आहेत, दोन-तीन ठिकाणी विचारून बघा. पूर्ण पॅकेजचाच आग्रह धरणारे भेटतील आणि फक्त तपासणी-सही करून देणारेही भेटतील.

त्याआधी मी एका ऑनलाइन पॅकेजवाल्यांशी बोलले होते. नाव लिहीत नाही. जाहिरातीत रक्कम अगदी लहान होती. फोनवर डिजिटल सहीचे वेगळे, मुद्रांकाचे वेगळे, ‘एक्स्पर्ट ड्राफ्टिंग’चे वेगळे, असं करत ती कित्येक पटीनं वाढली. तेही एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी सांगितलं की डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) आणि पासवर्ड आमच्याकडेच राहील, तुम्हाला त्रास नको. मी तिथेच थांबले. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४२ प्रमाणे आपली डिजिटल सही आपल्या ताब्यात नीट सांभाळणं ही सहीधारकाची जबाबदारी आहे. त्या टोकननं उद्या कोणी माझा राजीनामा, नवा संचालक, पत्त्यातला बदल काहीही दाखल करील आणि खाली सही माझी असेल. बायांनो, हे टोकन कपाटात दागिन्यांसोबत ठेवा. सीए कितीही ओळखीचा असला तरी काम झालं की घरी आणा.

डिजिटल सही मिळवणं सोपं आहे. क्लास ३ ची लागते; क्लास २ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. सरकारमान्य प्रमाणन संस्था ठरलेल्या आहेत, त्यांच्या साइटवरून थेट घेता येते. पॅन, आधार आणि मोबाइलवर छोटा व्हिडिओ, की पडताळणी होते आणि यूएसबी टोकन कुरिअरनं येतं. आम्हाला एकेक दोन हजारांच्या आसपास पडली. दोघांची वेगवेगळी घ्यावी लागते.

कोणते संचालक? प्रायव्हेट लिमिटेडला किमान दोन संचालक आणि दोन भागधारक हवेत, तेच दोघे दोन्ही असू शकतात. किमान एक संचालक वर्षात १८२ दिवस भारतात राहणारा असावा. माझे यजमान रेल्वेत आहेत. घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की त्यांचंच नाव घालावं. पण सरकारी नोकरदाराला पूर्वपरवानगीशिवाय कंपनीच्या स्थापनेत किंवा कारभारात भाग घेता येत नाही, सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियमांत ते लिहिलेलं आहे. म्हणून मी आणि भाचा. ज्यांच्या घरात नोकरदार आहेत त्यांनी हे आधी पाहावं. एकट्या माणसाला कंपनी हवी असेल तर वन पर्सन कंपनी आहे, तिला एक वारसदार-नॉमिनी द्यावा लागतो.

एलएलपीचा विचार आम्ही केला होता. उलाढाल ४० लाखांच्या आणि भागीदारांचं भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर एलएलपीला ऑडिटची सक्ती नाही, हा मोठा फायदा आहे. प्रायव्हेट लिमिटेडला मात्र एक रुपयाचा धंदा नसला तरी ऑडिट करावंच लागतं. सल्ला देण्याचा, डिझाइनचा, शिकवणीचा छोटा व्यवसाय असेल तर मी एलएलपीच सुचवीन. आमचं ऑडिट तसंही टळणार नव्हतं, आणि पुढे दोन जुन्या कारागिरांना थोडे शेअर्स द्यायचे मनात आहेत. शेअर्स ही सोय कंपनीतच.

‘स्पाइस प्लस’ फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालं. जानेवारी २०२३ पासून ते मंत्रालयाच्या नव्या पोर्टलवर आहे, म्हणजे पीडीएफ डाउनलोड करून भरायची जुनी पद्धत गेली आणि फॉर्म ब्राउझरमध्येच भरता येतो. त्याचे दोन भाग आहेत. पहिला नावाचा, दुसरा नोंदणीचा. पहिला मी माझ्या लॉगिननं घरी बसून भरला. दुसरा सीएस ताईंच्या ऑफिसात, त्यांच्या शेजारी बसून, एकेक रकाना वाचत.

नावावर वेळ घालवा. शुल्क १००० रुपये आहे आणि अर्जात दोन नावं देता येतात. मंजूर झालेलं नाव २० दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतात, तेवढ्यात दुसरा भाग भरायचा. कागद तयार नसताना नाव टाकू नका. नावाचे नियम २०१४ च्या इन्कॉर्पोरेशन नियमांत, नियम ८ मध्ये आहेत आणि ते वाचण्यासारखे आहेत. आधीच्या कंपनीच्या नावात गावाचं नाव जोडलं तर ते वेगळं धरत नाहीत. म्हणजे शेवटी ‘नागपूर’ लावून सुटका नाही. एकवचनाचं अनेकवचन केलं, मध्ये जागा सोडली, जोडरेघ घातली, तरी नाव तेच. एखाद्या इंग्रजी नावाचं हुबेहूब हिंदी रूप केलं तरी ते मिळतंजुळतंच धरतात. ‘बँक’, ‘इन्शुरन्स’, ‘नॅशनल’ असे शब्द परवानगीशिवाय चालत नाहीत. आमच्या धंद्यात थंडावा, गारवा, शीतल हे शब्द सगळ्यांनाच सुचतात आणि नागपुरात ‘ऑरेंज’ही सगळ्यांना हवं असतं. आम्ही दोन आज्यांच्या नावांची अक्षरं जुळवून शब्द केला आणि पुढे कामाचं नाव जोडलं. पहिल्याच पसंतीला मंजुरी आली. अर्जाआधी दोन ठिकाणी शोध घ्या: मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपन्यांच्या नावांत, आणि ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर. कूलर, पंखे, थंड करण्याची यंत्रं ट्रेडमार्कच्या वर्ग ११ मध्ये येतात. तिथला शोध फुकट आहे. दुसऱ्याचा नोंदलेला ट्रेडमार्क कंपनीच्या नावात आला तर नाव मिळणार नाही, आणि चुकून मिळालंच तरी नंतर बदलावं लागेल.

पत्त्यासाठी घराच्या तळमजल्याची खोली दिली. घर सासूबाईंच्या नावावर आहे. त्यांचं नाहरकत पत्र आणि त्यांच्याच नावाचं महावितरणचं बिल जोडलं. बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही. आपल्याकडे अनेक घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर असतं. तुमचं तसं असेल तर कंपनीच्या आधी ते काम करा, वारसाचे कागद लावून मीटर बदलून घ्या. फॉर्ममध्ये पत्त्याचे अक्षांश-रेखांशही मागतात, मोबाइलच्या नकाशावरून मिळतात. सीएस ताई खरंच घरी आल्या, खोली पाहिली, सासूबाईंशी बोलल्या. “आई, तुमच्या घरात कंपनी राहणार, चालेल ना?” असं त्यांनी विचारलं. सासूबाईंनी आधी भाडं किती ते विचारलं, मग सही केली.

आता एमओए आणि एओए. एमओए म्हणजे कंपनी काय करणार आणि तिचं भांडवल किती. एओए म्हणजे ती आतून कशी चालणार. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तयार नमुने आहेत, शेअर भांडवलाच्या कंपनीसाठी एमओएचा तक्ता ए आणि एओएचा तक्ता एफ. ई-फॉर्ममध्ये तक्ता एफची कलमं आधीच असतात, हवं ते ठेवायचं, हवं ते बदलायचं. बहुतेक लोक तक्ता एफ न वाचता जसाच्या तसा ठेवतात. मला विचाराल तर या अख्ख्या कामात वकिलासारखा विचार करायची जागा हीच आहे आणि तो विचार आपला आपण करता येतो. मी तक्ता एफची छापील प्रत घेऊन भाच्यासोबत बसले. सीझन संपलेला होता, वर्कशॉप शांत होतं.

पहिला प्रश्न हिस्सेदारीचा. घरातले म्हणत होते, अर्धं-अर्धं करा, भांडण नको. पण भांडणाची सोय तर अर्ध्या-अर्ध्यातच आहे. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात. दोघांचे ५०-५० असले आणि मतभेद झाला तर काहीच मंजूर होत नाही आणि कंपनी उभीच राहते. तक्ता एफमध्ये संचालक मंडळाच्या सभेत बरोबरी झाली तर अध्यक्षाला निर्णायक मत आहे, पण मग अध्यक्ष कोण हेही बोलून ठेवावं लागतं. आम्ही ६०-४० ठेवलं. याचा अर्थ मी भाच्याला पूर्ण सांगितला. साधा ठराव मी एकटी मंजूर करू शकते. संचालकाला काढणंही कलम १६९ खाली साध्या ठरावानंच होतं, म्हणजे उद्या मी त्याला संचालकपदावरून काढू शकते. पण विशेष ठरावाला तीन-चतुर्थांश मतं लागतात. म्हणून कंपनीचं नाव बदलणं, एओए बदलणं यांसारखं काहीही त्याच्या संमतीशिवाय मला करता येणार नाही. त्यानं थोडा वेळ घेतला आणि विचारलं, “मामी, मी गेलो तर माझ्या शेअर्सचं काय?”

हाच खरा प्रश्न होता, आणि तक्ता एफ त्याचं पुरेसं उत्तर देत नाही. प्रायव्हेट कंपनीच्या एओएत शेअर्स हस्तांतरावर बंधन असावंच लागतं, पण कसं ते आपण लिहायचं असतं. आम्ही लिहिलं: विकायचे असतील तर आधी दुसऱ्या भागधारकाला द्यायचे. किंमत दोघांपैकी कोणाशीही संबंध नसलेला सीए ठरवील. ठरावीक मुदतीत दुसऱ्या भागधारकानं घेतले नाहीत तर बाहेर विकायची मोकळीक. कोणी वारलं तर शेअर्स वारसाकडे जातील, पण वारस आपोआप संचालक होणार नाही. सीएस ताईंनी आमची साधी वाक्यं कायद्याच्या भाषेत नीट बसवून दिली आणि एक जागा दुरुस्त केली. भाच्याची आई, म्हणजे माझी नणंद, तिला आम्ही हे सगळं मराठीत वाचून दाखवलं. नात्यातली कंपनी असेल तर हे कराच. सही करणाऱ्या दोघांपलीकडे घरही त्यात असतं.

भांडवलाचं थोडक्यात: पूर्वी किमान एक लाखाची अट होती, ती २०१५ च्या दुरुस्तीनं गेली. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर्स काढू शकते ते, १५ लाखांपर्यंत असेल तर नोंदणीचं सरकारी शुल्क शून्य. मुद्रांक शुल्क मात्र राज्याचं असतं आणि भांडवलाप्रमाणे वाढतं, पोर्टल ते स्वतः काढून दाखवतं. उगीच मोठा आकडा टाकून मुद्रांक वाढवू नका, भांडवल नंतर वाढवता येतं.

दुसऱ्या भागाला जोडून ‘अजाइल-प्रो-एस’ नावाचा फॉर्म येतो. पीएफ, ईएसआय (कामगार विमा), आपल्या राज्यात व्यवसाय कर, आणि बँक खातं, सगळं त्यातच होतं. जीएसटी ऐच्छिक आहे. माझ्या मते या सेवेचा सर्वांत चांगला भाग हाच. एकाच अर्जात संचालक क्रमांक, पॅन, टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक), सगळं. पीएफ-ईएसआयचे क्रमांक पाहून घाबरू नका. कामगारांची संख्या कायद्यातल्या मर्यादेला पोचली की मगच भरणा सुरू होतो. पीएफसाठी ती २० आहे, ईएसआयसाठी १०. व्यवसाय कर मात्र लगेच लागतो, कंपनीचा स्वतःचा वर्षाला २५०० रुपये.

अर्ज हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रात तपासला जातो. नागपुरातून कुठेही जावं लागत नाही, मुंबईलाही नाही. आमचं प्रमाणपत्र ईमेलनं आलं, त्यावरच पॅन आणि टॅन. त्यात २१ अक्षर-अंकांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक, असतो आणि तो वाचता येतो: सुरुवातीचा ‘यू’ म्हणजे शेअर बाजारात न नोंदलेली, मग उद्योगाचा पाच अंकी कोड, मग महाराष्ट्राचं ‘एमएच’, मग वर्ष, मग प्रायव्हेटचं ‘पीटीसी’, शेवटी सहा अंकी क्रमांक. भाच्यानं तो एका बसल्या जागी पाठ केला.

आता तो राखून ठेवलेला गुण. प्रमाणपत्र आलं की लोक पेढे वाटतात आणि थांबतात. तिथून घड्याळं चालू होतात. ३० दिवसांत पहिली संचालक सभा आणि पहिल्या ऑडिटरची नेमणूक. दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेटं. बँक खातं उघडून दोघांनी आपापल्या शेअर्सचे पैसे आपापल्या खात्यातून कंपनीत भरायचे, आणि १८० दिवसांच्या आत ‘आयएनसी-२०ए’ भरून सांगायचं की पैसे आले, व्यवसाय सुरू करतो. या एका फॉर्मला मी लाल शाईनं गोल करायला सांगीन. शुल्क काही शे रुपये आहे, पण चुकवला तर कंपनीला ५०,००० रुपये दंड आणि संचालकांना दिवसाला १००० असा वेगळा. शिवाय हा फॉर्म भरेपर्यंत कंपनीला ना व्यवसाय सुरू करता येतो ना कर्ज घेता येतं. दरवर्षीचे हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र उशिरा भरलं तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. गोकुळपेठेतल्या माझ्या एका मैत्रिणीची कंपनी धंदा न करताच बसली होती. तिला वाटलं, काही केलंच नाही तर भरायचं काय. ते उशिराचं शुल्क भरताना तिनं काय सोसलं ते मी पाहिलं आहे. म्हणून सांगते, नोंदणीचा खर्च पाहून कंपनी काढू नका, दरवर्षीचा ऑडिट आणि फायलिंगचा खर्च आधी विचारा. आम्हाला नागपुरात वर्षाला पंचवीस-तीस हजारांचा अंदाज मिळाला, आणि तो धंद्याला झेपतो हे पाहूनच आम्ही अर्ज केला.

एक काम फार कमी लोक करतात. कलम १२ प्रमाणे नोंदणीकृत कार्यालयाबाहेर कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिलेला फलक हवा, आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीतही हवा. म्हणजे आपल्याकडे मराठीत. लेटरहेड आणि बिलांवर सीआयएन, पत्ता, फोन, ईमेल हवा. फलक आम्ही वर्कशॉपच्याच पत्र्यावर रंगवून घेतला.

जुनी फर्म आपोआप कंपनी होत नाही. पॅन नवा, त्यामुळे जीएसटी नवा, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणीही नवी. उद्यम पूर्णपणे मोफत आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. फर्मचा धंदा कंपनीला लेखी करारानं द्यायचा आणि जीएसटीचं शिल्लक क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) ‘आयटीसी-०२’ फॉर्मनं हलवायचं. हे मात्र आम्ही सीएकडे दिलं, त्याचे पैसे आनंदानं दिले.

आमचा नोंदणीचा सगळा खर्च, दोन डिजिटल सह्या, नावाचं शुल्क, मुद्रांक, पॅन-टॅन आणि सीएस ताई धरून, अकरा हजारांच्या आत बसला.

वकील कोणी लावावा? बाहेरचा गुंतवणूकदार पैसे घालत असेल तर लावा. कंपनीत जमीन किंवा वाद चालू असलेली मालमत्ता आणायची असेल तर लावा. भागीदारांपैकी कोणी परदेशात असेल तरी लावा. घरच्या दोघा-तिघांची, साध्या धंद्याची, १५ लाखांच्या आतल्या भांडवलाची कंपनी असेल तर एक चांगली सीएस पुरे, फक्त एओए स्वतः वाचायची तयारी हवी.

आणि वेळ निवडून अर्ज करा. कूलरवाल्यांना मार्च ते नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) डोकं वर काढता येत नाही, तेव्हा हे काम नको. कलम २(४१) प्रमाणे १ जानेवारीला किंवा त्यानंतर नोंदलेल्या कंपनीचं पहिलं आर्थिक वर्ष थेट पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चला संपतं. डिसेंबरात नोंदली तर तीन-चार महिन्यांच्या हिशेबालाही वेगळं ऑडिट आणि फायलिंग करावं लागतं, जानेवारीत नोंदली तर तो एक फेरा वाचतो. आयकराचं वर्ष मात्र ३१ मार्चलाच संपतं, तेवढ्या दिवसांचं विवरणपत्र भरावंच लागतं. आम्ही मसुदे दिवाळीनंतर केले, नाव आणि अर्ज जानेवारीत टाकला, आणि सीझनचं पहिलं बिल कंपनीच्या नावानं फाडलं.